वाड्यात उन्हाळी मैल शर्यत भरवायची असेल तर

गोव्यात धावण्याची स्पर्धा म्हटली की दहा किंवा एकवीस किलोमीटरचे अंतर, पुरस्कर्त्यांचे फलक आणि निम्मे शहर अडवणारा बंदोबस्त डोळ्यांसमोर येतो. मात्र शहरातल्या एखाद्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, स्वतःच्या बळावर शर्यत भरवायची असेल, तर माझ्या मते एक मैल हेच सर्वांत सोयीचे अंतर आहे. रस्ता दोन तास मिळाला तरी पुरतो, वाटेत पाण्याची टेबले मांडावी लागत नाहीत, शाळकरी मुलगा, त्याची आई आणि त्याचे आजोबा एकाच सकाळी एकाच रस्त्यावर धावू शकतात आणि बाल्कनीत उभे राहून बघणाऱ्यालाही शर्यत बरीचशी दिसते.

अंतर छोटे असल्यामुळे चूक मात्र लपत नाही. मॅरेथॉनमध्ये मार्ग पन्नास मीटरने कमी भरला, तर चार तास धावलेल्या माणसाला ते कळतही नाही. मैलात तेच पन्नास मीटर म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक अंतर होते आणि आठ मिनिटांत मैल धावणाऱ्याला पंधरा सेकंद फुकट मिळतात. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही मोटारसायकलच्या मीटरवर विसंबून मार्ग आखला होता. त्या सकाळी प्रत्येक जण स्वतःच्या वेळेवर इतका खूश होता की शंका यायला हवी होती. पुढल्या वर्षी नीट मोजणी केली, तेव्हा मार्ग सत्तर मीटरने कमी निघाला आणि आदल्या वर्षीचे सगळे ‘विक्रम’ आम्हाला फळ्यावरून पुसावे लागले. म्हणून या लेखात मोजणीला मी इतर बाबींपेक्षा जास्त जागा देणार आहे.

प्रथम रस्ता निवडावा. मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर, अर्थात चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर सव्वानऊ मीटरांच्या आसपास. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यामुळे मराठीत मैलाचा दगड शिल्लक राहिला असला, तरी मैल म्हणजे नेमके किती हे तरुणांना सांगावेच लागते. रस्त्यावरच्या विक्रमांसाठी जागतिक अॅथलेटिक्स संघटनेचे नियम असे आहेत की प्रारंभ आणि शेवट यांतले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे आणि मार्गाचा एकूण उतार दर किलोमीटरला एक मीटरहून अधिक नसावा. आपल्याला विक्रम नोंदवायचा नाही, पण या दोन अटी पाळल्या तर वारा आणि उतार यांनी दिलेली खोटी वेळ टळते. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरून मळ्याकडे उतरणारी शर्यत बघायला मोठी मजा येईल, मात्र तिला मैल शर्यत म्हणता येणार नाही. पणजीहून रायबंदरला जाणारा सतराव्या शतकातला बांध सपाट आणि सरळ असल्यामुळे तोही अनेकांना मोह घालतो. पण तिथे सावली नाही, तो शहरात येण्याजाण्याचा रस्ता आहे आणि तिथे बघायला कुणाच्या घराची बाल्कनीही नाही. वाड्याची शर्यत वाड्यातच व्हावी.

सरळ एक मैल रस्ता वाड्यात मिळणे कठीण असते. जाऊन परत येण्याचा मार्ग आखल्यास अर्ध्यावर शंकूला वळसा घालताना धावणारा जवळजवळ थांबतो आणि मागून येणारे त्याच्यावर आदळतात. त्यापेक्षा ८०४.६७२ मीटरची, म्हणजे अर्ध्या मैलाची, बंद फेरी मिळत असेल, तर ती दोनदा धावावी असे मी सुचवेन. तिच्यामुळे अडवायचा रस्ता निम्मा होतो, प्रारंभ आणि शेवट एकाच रेषेवर येतात, बघणाऱ्यांना प्रत्येक धावपटू दोनदा दिसतो आणि मुलांची अर्ध्या मैलाची शर्यत त्याच मोजणीत निघते. चालणारे आणि जोरात धावणारे एकाच वेळी फेरीवर आले, तर मात्र गोंधळ होतो. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे. फेरी ठरवताना गतिरोधक, खचलेली गटाराची झाकणे आणि वळणावरची वाळू पायी फिरून बघावी. गाडीतून यांतले काहीच दिसत नाही.

आता मोजणी. मोबाइलच्या नकाशावरचे अंतर रस्ता शोधण्यापुरते ठीक असते आणि अंतर दाखवणारे हातावरचे घड्याळ उंच इमारतींच्या व माडांच्या मधून जाताना वाट चुकते, म्हणून दोन्हींवर विसंबू नये. जगभर रस्त्यावरच्या शर्यती सायकलने मोजल्या जातात. त्यासाठी पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र लावतात, पण ते नसले तरी चाकाच्या फेऱ्या मोजून वाड्यापुरते काम चोख होते. पद्धत अशी आहे. एका सरळ, रहदारी नसलेल्या रस्त्यावर पन्नास मीटरच्या पोलादी टेपने सहा वेळा मोजून ३०० मीटरचा पट्टा आखावा. कापडी टेप ताणला जातो, तो वापरू नये. सायकलच्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली, खडूच्या रेषेवर ठेवून निघावे, नेहमीच्या वेगाने सरळ चालवावे आणि दुसऱ्या रेषेवर थांबून चाकाच्या पूर्ण फेऱ्या किती झाल्या व वर किती स्पोक गेले ते टिपावे. हे चार वेळा करून सरासरी काढावी.

उदाहरणार्थ, ३०० मीटरला १४२ फेऱ्या आणि १८ स्पोक आले, आणि चाकाला ३६ स्पोक आहेत, तर तो आकडा साडेएकशे बेचाळीस फेऱ्यांचा झाला. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून मोजणाऱ्यांचा रिवाज असा आहे की दर हजार मीटरला एक मीटर जास्तीचा धरावा. म्हणजे आपल्याला १६०९.३४४ नव्हे, तर १६१०.९५ मीटर आखायचे आहेत. हिशेब केल्यास ७६५ फेऱ्या आणि सुमारे ७ स्पोक येतात. दोनदा धावायची फेरी आखायची असेल, तर याच्या निम्मे घ्यावे. फेऱ्या तोंडी मोजताना शंभराच्या पुढे माणूस हमखास चुकतो. आमच्याकडे सायकल चालवणारा दर दहा फेऱ्यांना ‘दहा’ असे ओरडतो आणि मागून दुसऱ्या सायकलवर येणारी त्याची बहीण खिशातला एक काजू दुसऱ्या खिशात टाकते. शेवटी काजू मोजायचे आणि मग खायचे, हा क्रम बदलू नये.

सायकल कुठून न्यायची, हे तितकेच महत्त्वाचे आहे. धावणारा नेहमी जवळची वाट धरतो, म्हणून मोजणीही त्याच वाटेने करावी: वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर ठेवून, आणि एका वळणाकडून विरुद्ध बाजूच्या वळणाकडे जाताना रस्त्यातून तिरके, सरळ रेषेत. रस्त्याच्या डाव्या कडेने शिस्तीत सायकल चालवून मोजले, तर धावणारे प्रत्यक्षात कमी अंतर धावतील. हे काम रविवारी उजाडता उजाडता करावे आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवायला दोघे जण असावेत. ऊन चढले की टायरमधली हवा तापते, चाक किंचित फुगते आणि तेवढ्याच अंतराला फेऱ्या कमी लागतात. म्हणून मार्ग मोजून झाल्यावर त्याच ३०० मीटरच्या पट्ट्यावर पुन्हा चार वेळा जावे. नंतरचा आकडा बदलला असेल, तर दोन्हींपैकी ज्याने मार्ग लांब भरतो तो धरावा.

रेषा पक्क्या झाल्या की त्यांची जागा लिहून ठेवावी. रंग मारून भागत नाही, कारण आपल्याकडे रस्ता कधी खोदला जाईल आणि कधी हॉटमिक्स होईल याचा नेम नसतो. ‘अमुक क्रमांकाच्या वीजखांबापासून पूर्वेकडे ४ मीटर २० सेंटिमीटर’ अशा शब्दांत दोन स्थिर खुणांपासूनचे अंतर वहीत लिहावे, छायाचित्र काढावे आणि ती वही एकाच घरात राहू द्यावी. पाव, अर्धा आणि पाऊण मैलाच्या खुणाही करून ठेवाव्यात. पाव मैल ४०२.३३६ मीटरचा होतो.

तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारची बरी. मुलांना सुट्टी असते, मुंबई-पुण्याची भावंडे घरी आलेली असतात आणि पावसाला अजून अवकाश असतो. पाऊस गोव्यात साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर हमखास पडते, आणि पहिल्या सरीनंतर डांबरावरचे तेल वर येऊन रस्ता निसरडा होतो. ज्या रस्त्यावर चर्च आहे, तिथे पहिल्या मिसाची वेळ पाद्रींना विचारूनच आपली वेळ ठरवावी. देवळात त्या दिवशी काही कार्य आहे का, हेही बघावे.

परवानगीचे अर्ज किमान दीड महिना आधी द्यावेत. पणजीत असाल तर महानगरपालिका, इतर शहरांत नगरपालिका, त्याशिवाय वाहतूक पोलीस आणि जवळचे पोलीस ठाणे, अशा सर्वांना मार्गाचा नकाशा, रस्ता बंद व सुरू होण्याची वेळ आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल क्रमांक एकाच पानावर द्यावा. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आणखी काही लागते का, हे पोलीस ठाण्यातच कळते. अर्जावर पोच घ्यायला विसरू नये. एकदा आमचा अर्ज एका कार्यालयात सापडेना आणि पोच दाखवल्यावर तो पाच मिनिटांत सापडला. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लावता येत नाही आणि इस्पितळाच्या शंभर मीटरच्या आत तो सहानंतरही लावू नये, म्हणून भल्या पहाटे हाक मारण्यासाठी शिट्टी आणि खणखणीत आवाजाचा एखादा काका पुरेसा समजावा.

कागदी परवानगीपेक्षा वाड्याची संमती मिळवणे जास्त वेळखाऊ असते, आणि ते व्हायलाच हवे. फेरीवरच्या प्रत्येक घरी आठवडाभर आधी चिठ्ठी द्यावी, आजारी माणूस असलेल्या घरी स्वतः जाऊन सांगावे की रुग्णवाहिकेसाठी शर्यत तत्काळ थांबेल. पर्यटकांनी भाड्याने घेतलेल्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या ही खरी डोकेदुखी ठरते, कारण त्यांचे चालक आपली चिठ्ठी वाचत नाहीत. म्हणून गेस्ट हाऊसच्या मालकांशी आधीच बोलावे आणि आदल्या रात्री काचेवर कागद लावावा. पाव विकणाऱ्या पोदेराला मात्र अडवू नये. सकाळी सहा-साडेसहाला त्याचा भोंगा वाजला नाही, तर लोक शर्यतीला नव्हे, तर आपल्याला शिव्या घालतील. आमच्याकडे तो दोन गटांच्या मधल्या वेळेत सायकलवरून फेरी मारतो आणि बघणारे त्यालाही टाळ्या देतात, त्यामुळे तो आता वेळ चुकवत नाही.

प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक मोठा माणूस आणि एक दोरी लागते. शाळकरी मुलांना तिथे एकटे उभे करू नये; दुचाकीस्वार मुलाचे ऐकत नाही. गणेशोत्सवाची आणि शिगम्याची कामे करणारी मंडळी कोण, हे प्रत्येक वाड्याला ठाऊक असते, तीच इथे उपयोगी पडतात. आघाडीच्या धावपटूच्या पुढे वाट मोकळी करत जायला मोटारसायकलचा पायलट, म्हणजे भाड्याने माणसे नेणारा मोटारसायकलस्वार, सांगावा. त्याला दोन गोष्टी बजावाव्यात: धावणाऱ्याच्या किमान वीस मीटर पुढे राहायचे, म्हणजे धूर त्याच्या नाकात जाणार नाही, आणि अंतिम रेषेच्या अलीकडे बाजूला वळायचे. भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या बाई वाड्यात असतात. त्या सकाळी त्यांनी ते काम फेरीपासून दूर, सहाच्या आधी उरकावे अशी विनंती करावी.

गट वयाप्रमाणे नव्हे, तर अपेक्षित वेळेप्रमाणे पाडावेत. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्याला मैलाला १९ मिनिटे लागतात, सावकाश धावणाऱ्याला दहा ते बारा, सराव असलेल्याला सहा ते आठ. एका गटात चाळीसहून अधिक जण घेऊ नयेत. मेच्या मध्यावर सहाच्या सुमारास उजाडते, तेव्हा चालणाऱ्यांचा गट सव्वासहाला सोडावा, कारण रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ तेच असतात आणि ऊन त्यांनाच आधी टाळायला हवे. नंतर सावकाश धावणारे, मग वेगवान आणि शेवटी मुलांची अर्ध्या मैलाची फेरी. वेगवानांना उशिरा सोडण्याचा आणखी एक फायदा असा की तोवर बाल्कन्या भरलेल्या असतात. पावणेआठला शर्यत संपवून आठला रस्ता मोकळा करावा आणि यात सवलत देऊ नये.

उन्हाविषयी थोडे गांभीर्याने. मे महिन्यात इथले कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, आणि पहाटेही हवा इतकी दमट असते की आलेला घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. ज्यांनी महिनाभर उन्हात काही हालचाल केलेली नाही, त्यांनी शर्यतीपूर्वी दहा ते चौदा दिवस रोज अर्धा तास तरी याच हवेत चालावे. आदल्या रात्री उराक, म्हणजे काजूची दारू, घेणाऱ्यांना मी उपदेश करत नाही. फक्त एवढेच सांगतो की अशा मंडळींनी चालणाऱ्यांच्या गटात नाव घालावे. अंतिम रेषेपाशी सावलीत एक मोठा टब, चार टॉवेल आणि मासळीबाजारातून आणलेला बर्फ ठेवावा. हा बर्फ अंग थंड करण्यासाठी आहे, सरबतात घालू नये. एखाद्याला नुसती चक्कर आली, तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि शुद्धीवर असल्यास मीठ घातलेले भिरंडांचे (कोकमाचे) सरबत द्यावे. पण अंग तापलेले असून तो असंबद्ध बोलत असेल किंवा तोल सांभाळत नसेल, तर तो उष्माघात समजावा: तोंडात काही घालू नये, त्याच क्षणी बर्फाच्या पाण्यात बसवावे किंवा गार ओले टॉवेल सतत बदलत राहावे, आणि दुसऱ्याने तेव्हाच १०८ ला फोन करावा. गाडीत घालून बांबोळीच्या इस्पितळात पळवण्याआधी अंग थंड करायला सुरुवात झालेली असली पाहिजे.

धावणाऱ्यांना सूचनापत्रकात एकच गोष्ट ठळकपणे लिहावी: पहिला पाव मैल आवरून धावा. मैलाला सगळे जण शंभर मीटरच्या शर्यतीसारखे सुटतात आणि अर्ध्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहतात. रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावून चार मिनिटांची मर्यादा प्रथम मोडली, तेव्हा त्यांच्यापुढे वेग राखायला ब्रॅशर आणि चॅटवे असे दोघे होते; आपल्या प्रत्येक गटातही ठरलेल्या वेळेत धावणारा एक अनुभवी माणूस ठेवता आला, तर नवख्यांचे भले होते. मैल छोटा असला तरी अंग गरम करणे टाळू नये, पंधरा मिनिटे सावकाश धावून मगच रेषेवर यावे.

वेळ नोंदवण्यासाठी चिप भाड्याने घेण्याची गरज नाही. अंतिम रेषेनंतर दोरीची एक निमुळती वाट करावी, म्हणजे लोक आले त्याच क्रमाने रांगेत राहतात आणि एकमेकांना ओलांडत नाहीत. एक जण स्टॉपवॉचवर प्रत्येक माणूस रेषा ओलांडताना बटण दाबतो, दुसरा दुसऱ्या घड्याळावर तेच करतो, तिसरा रांगेच्या टोकाशी छातीवरचे क्रमांक क्रमाने लिहितो. दर दहाव्या माणसाला तिघांनी आपला आकडा मोठ्याने बोलावा. एखादा निसटला असेल, तर तो तिथेच सापडतो, नंतर घरी बसून सापडत नाही. घड्याळ छातीला बघून थांबवावे, हाताला किंवा डोक्याला नव्हे. सेकंदाचा अपूर्णांक आला, तर पुढचा पूर्ण सेकंद लिहावा. दोन फेऱ्यांच्या मार्गावर कुणी एकच फेरी करून आत शिरू नये म्हणून पहिल्या फेरीच्या शेवटी क्रमांक टिपणारा वेगळा माणूस हवाच. बहुतेकांची चूक अनवधानानेच होते, पण तक्रार मात्र हमखास येते.

शेवटी खायला पर्रा गावच्या कलिंगडाच्या फोडी आणि पातळ भाजी-पाव असला की झाले. बक्षीस म्हणून आम्ही मानकुराद आंब्यांची परडी देतो. प्लास्टिकचे पेले आणू नयेत. स्टीलचे पेले मंडळाकडे असतातच, ते धुवायला दोन बादल्या आणि दोन माणसे आधीच ठरवावीत.

निकाल त्याच सकाळी, दहाच्या आत, वाड्यातल्या दुकानापाशी फळ्यावर लावावा आणि त्याखाली ‘हरकत असल्यास संध्याकाळी सहापर्यंत’ असे लिहून एक पेन्सिल बांधून ठेवावी. आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन हरकती येतात. त्यांतली एखादी खरी निघते, आणि तेव्हा दोन्ही घड्याळांची नोंद व क्रमांकांची यादी शेजारी ठेवून ती लगेच दुरुस्त करता येते. म्हणून हे कागद हरकतीची वेळ संपेपर्यंत कुणी कचऱ्यात टाकू नयेत.